मुलांच्या हाताला गावाची माती



पत्रिकेवर आजचा विषय 'कलेतून पर्यावरणशिक्षण' असा छापला आहे. हा विषय आपण आपल्याच माळव्यातल्या देवास आणि धार जिल्ह्यांत, त्यातही विंध्याच्या कडेवर वसलेल्या बागली तालुक्यात उभं राहून पाहणार आहोत.

सुरुवात शाळेच्या चित्रकला स्पर्धेपासून करू. पर्यावरण दिनाच्या आगेमागे शाळाशाळांतून स्पर्धा होतात. विषय ठरलेला असतो, 'पृथ्वी वाचवा' किंवा 'झाडे लावा, झाडे जगवा', आणि चित्रंही जवळपास ठरलेली असतात. दोन तळहातांवर पृथ्वीचा गोल. अर्धा हिरवा, अर्धा करपलेला. एका बाजूला धुराडं, दुसऱ्या बाजूला झाड. झाडाचं खोड तपकिरी, वर हिरवा ढग, ढगात लाल फळं.

बागलीकडच्या शाळेत बसून मूल हे झाड काढतं, तेव्हा खिडकीबाहेर मोह उभा असतो, साग उभा असतो, मालवीत ज्याला खाखरा म्हणतात तो पळस उभा असतो. त्यांतलं एकही झाड कागदावर उतरत नाही. का उतरत नाही? मुलाला ते माहीत नाही म्हणून? चैत्रात पहाटे उठून आईबरोबर मोहाची फुलं वेचणारं हेच ते मूल! त्याला मोह माहीत आहे. मोह हा चित्राचा विषय होऊ शकतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नाही. शाळेत आल्यावर आपलं झाड बाहेर ठेवायचं आणि पुस्तकातलं झाड काढायचं, एवढं ते शिकलं आहे.

स्पर्धा मुळात वाईट नसतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं १९९१ पासून मुलांसाठी आंतरराष्ट्रीय चित्रस्पर्धा घेतली आणि जगभरातल्या मुलांनी तिच्यात भाग घेतला. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. पुस्तकं आली, तास आले, गुण आले. पण त्याच्याही आधी, १९७७ साली, जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात भरलेल्या जागतिक परिषदेनं पर्यावरणशिक्षणाची पाच उद्दिष्टं मांडली होती: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपल्या शाळा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबल्या. प्रदूषणाची व्याख्या मुलाला पाठ असते आणि गावातला ओढा कुठून येतो हे ठाऊक नसतं. वृत्ती, कौशल्य आणि सहभाग या उरलेल्या तीन पायऱ्या व्याख्या पाठ करून चढता येत नाहीत. त्यासाठी हात कामाला लावावे लागतात आणि मुलाचे हात सर्वांत आनंदानं कामाला लागतात ते कलेच्या तासाला.

म्हणून आज तीन गोष्टी क्रमानं मांडायच्या आहेत. पहिली, पाहणं. दुसरी, चित्राचं साहित्य. तिसरी, गाव.

पहिली गोष्ट पाहण्याची.

धार जिल्ह्यातल्या बाघ गावाजवळ वाघिणी नदीच्या काठी लेणी आहेत, हे इथं बहुतेकांना माहीत असेल. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या बौद्ध विहारांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या होत्या. खडक ठिसूळ वालुकाश्माचा. डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी त्यातून झिरपत राहिलं आणि चित्रं पुसट होत गेली. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बाघ ग्वाल्हेर संस्थानात होतं. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याची धुरा मो. ब. गर्दे यांच्याकडे होती. १९२१ साली या खात्यासाठी नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर आणि त्यांचे सहकारी या चित्रांच्या नकला करायला बाघला आले. अंधाऱ्या गुहेत, ओल धरलेल्या भिंतीसमोर बसून त्यांनी एकेक रेषा वाचली. त्या नकला झाल्या नसत्या, तर त्या भिंतींवर काय होतं हे आज आपल्याला एवढं नीट कळलं नसतं.

हेच नंदलाल बोस शांतिनिकेतनात शिकवत. निसर्गाचा रोजचा अभ्यास हा त्यांच्या शिकवण्याचा पाया होता. झाड काढायचं तर आधी झाडापाशी जाऊन बसा, असा त्यांचा परिपाठ. त्यांच्या हाताखाली १९४८ पासून पाच वर्षं शिकलेला एक विद्यार्थी जबलपूरला परतला आणि तिथल्या कला महाविद्यालयात शिक्षक झाला. ते अमृतलाल वेगड. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली, ते नर्मदेच्या काठाकाठानं चालायला निघाले आणि पुढं वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्यानं चालत राहिले. परिक्रमेची पुस्तकं मराठी वाचकाला नवी नाहीत. वेगडांचं वेगळेपण असं की झोळीत ते रेखाटनाची वही घेऊन चालले. घाट, नावा, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, चुलीपाशी बसलेले परिक्रमावासी, सगळं त्यांनी रेखाटलं आणि घरी येऊन जुन्या मासिकांचे रंगीत कागद फाडून त्यांची कोलाजचित्रं केली. विकतचा रंग नाही, रद्दीतला कागद; आणि त्यातून उभी राहिलेली नर्मदा अशी की पाहणाऱ्याला ती नदी आपली वाटावी. नदीविषयी त्यांनी पुढं जी कळकळ मांडली, ती या पाहण्यातून आलेली होती.

उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर आठवा. १९५७ साली त्यांनी भीमबेटकाची शैलचित्रं शोधली, एवढं आपण अभिमानानं सांगतो. पण ते चित्रकार होते, उज्जैनमध्ये कलाशाळा चालवत आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन डोंगर-जंगल पालथं घालत. खडकावरच्या रानरेड्याची नकल करणारा विद्यार्थी विचारणारच, की हा प्राणी इथं होता, मग आता का नाही? पर्यावरणाचा धडा याहून वेगळा काय असतो?

आता हे सगळं इयत्ता पाचवीच्या वर्गात कसं आणायचं? एक साधा प्रकल्प पाहा. प्रत्येक मुलानं शाळेच्या वाटेवरचं एक झाड निवडायचं आणि वर्षभर, दर महिन्याला एक, अशी त्याची बारा चित्रं काढायची. समजा मुलानं मोह निवडला. फाल्गुनात पानं गळतात. चैत्रात फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लागतात. मांसल, पिवळसर पांढरी फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. मग तांबूस कोवळी पालवी येते. पानं फांदीभर विखुरलेली नसून टोकाला झुबक्यानं येतात, हे चित्र काढणाऱ्यालाच कळतं. कारण ती कुठं जोडायची, हा प्रश्न पेन्सिल हातात घेतल्यावरच पडतो.

आणि चित्रात झाडाखालची जमीनही काढायला सांगितली तर? अनेकदा ती काळी निघेल. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. त्या आगीत मोहाची रोपं जळतात आणि कधी ठिणगी पसरून जंगलाला वणवा लागतो. मध्य भारतातल्या जंगलांत वणव्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. झाडाखाली जाळी बांधली, तर आग लावावी लागत नाही आणि फुलंही स्वच्छ मिळतात. 'वणवे टाळा' असं फळ्यावर लिहून जे साधणार नाही, ते या एका काळ्या जमिनीच्या चित्रातून साधू शकतं. कारण ती जमीन मुलाच्या ओळखीची आहे आणि ती आग कदाचित त्याच्याच घरच्यांनी लावलेली आहे. शिक्षकानं इथं दोष द्यायचा नाही. मुलाचं चित्र भिंतीवर लावायचं आणि पालकांना पाहायला बोलवायचं. बोलणं आपोआप सुरू होतं.

सागाचं पान घ्या. कोवळं पान तळहातावर चुरगाळलं की हात लाल होतो. बागलीच्या मुलांना हा खेळ ठाऊक आहे. पावसाळा संपता संपता तेच पान कधी जाळीदार झालेलं दिसतं. शिरा तेवढ्या शाबूत आणि मधला हिरवा गर गायब. गर खाल्लेला असतो एका पतंगाच्या अळ्यांनी. त्या जाळीवर काव लावून कागदावर ठसा घेतला, तर पानाची नाडी न् नाडी उमटते. ठसा सुंदर येतो आणि त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतो: अळी कुणाची, तिला कोण खातं, साग एवढं सोसून मरत कसा नाही? अन्नसाखळीचा धडा हा असा वर्गात येतो.

दुसरी गोष्ट साहित्याची. चित्र कशावर काढायचं, कशानं काढायचं आणि काढून झाल्यावर त्याचं काय होतं?

माळव्याला या प्रश्नाचं उत्तर कधीच सापडलं होतं. संजा आठवा. इथल्या आया-आज्यांनी ती लहानपणी मांडली असेल. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत, रोज संध्याकाळी, भिंतीवर शेणानं आकृती उठवायची आणि ती फुला-पानांनी सजवायची. दिवसागणिक आकृती वेगळी. पाट, बिजोरा, चौपट, पाच कुंवर, सातिया, आठ पाकळ्यांचं फूल, डोकरा-डोकरी. क्रम गावागावांत थोडा बदलतो, पण शेवटी किलाकोट सगळीकडे. मग सगळं खरवडून टोपलीत भरायचं आणि गाणी म्हणत पाण्यात सोडायचं.

हे काम जवळून पाहिलं तर त्यात किती ज्ञान आहे! शेण ताजं लागतं. शिळं भिंत धरत नाही. फार ओलं असलं तर आकृती घसरते, फार घट्ट असलं तर वाळल्यावर सुटून येते. गुलतेवडी, कण्हेर, झेंडू ही फुलं कुणाच्या परसात कधी उमलतात, ते मुलीला माहीत असावं लागतं. सोळा दिवस तीच फुलं पुरवायची तर आज सगळी तोडून चालत नाही. उरलंसुरलं सगळं पाण्यात आणि मातीत मिसळून जातं, मागं कचरा राहत नाही. हे सगळं आठ-दहा वर्षांच्या मुलींनी, कुणा मास्तराशिवाय, एकमेकींकडून शिकलेलं आहे.

आज बाजारात छापील कागदाची संजा मिळते. घरोघरी भिंती डिस्टेंपरच्या झाल्या, तिथं शेण लावू कोण देईल? ही अडचण खरी आहे. पण याच अडचणीचा प्रकल्प करता येतो. शाळेच्या आवारात एक भिंत मातीनं लिंपून संजेसाठी राखून ठेवा. मुलांना शेण आणायला सांगा. किती घरांतून मिळतं ते मोजू द्या. आजीच्या वेळी किती जनावरं होती, आज किती आहेत, बैल कधी गेले, ट्रॅक्टर कधी आला, चराईची जमीन कुठं गेली? गेल्या पन्नास वर्षांचा गावाच्या पर्यावरणाचा इतिहास या एका शेणाच्या पाटीमागून निघतो. एक बदल मात्र आवर्जून करावा. संजा आजवर मुलींची राहिली. शाळेत ती मुलग्यांनीही मांडावी. शेणाला हात लावणं, फुलं जपणं आणि भिंत सारवणं ही कामं मुलग्यांनाही आली पाहिजेत.

अंगणात काढतात त्या मांडण्याचंही तसंच. गेरू आणि खडी एवढ्या दोन मातींत अख्खा माळवा आपली अंगणं सजवत आला. मुलांना गावाच्या चार दिशांना पाठवा आणि माती आणायला सांगा. काळी कापसाची, लाल मुरमाड, पिवळी, पांढरी. वाळवा, कुटा, फडक्यातून गाळा, डिंकाच्या पाण्यात कालवा. रंगपेटी तयार झाली. प्रत्येक रंगाखाली तो कुठल्या शेतातून, कुठल्या नाल्यातून आणला ते लिहा. भूगोलाच्या पुस्तकातला 'मृदा' हा धडा मग वेगळा शिकवावा लागत नाही.

आता बाघचे छपाई करणारे खत्री पाहा. त्यांचं कापड आपण अंगावर घालतो, पण ते कसं होतं हे मुलांना सांगतो का? एरंडेल, मीठ आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात कापड मुरवतात. मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. तुरटीच्या लुकणानं लाल आणि लोखंडाच्या गंजापासून केलेल्या लुकणानं काळा छाप उठवतात. लुकण घट्ट करायला चिंचोक्याची खळ. नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि शेवटी अलिझरिन या रंगद्रव्यात धायटीची फुलं घालून तांब्याच्या हंड्यात उकळतात. झाड, जनावर, खनिज, नदी. यांतलं एक जरी हटलं तरी रंग बिघडतो. नदी आटली तर छपाई थांबते. कारागिराला पर्यावरणाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही, कारण त्याची रोजी त्यावर आहे.

याचा छोटा प्रयोग कुठल्याही शाळेत होतो. हिरडे कुटून रात्रभर पाण्यात भिजवा. पाणी पिवळट होतं. दुसऱ्या भांड्यात गंजके खिळे, पाणी आणि गुळाचा खडा टाकून काही दिवस ठेवा. हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या सुती तुकड्यावर त्या लोखंडाच्या पाण्यानं रेघ ओढा. ब्रश उचलायच्या आत रेघ काळी पडते. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग झाला, एवढंच शास्त्र. पण वर्गात एकदम गलका होतो. होळीच्या सुमारास पळसाची फुलं उकळून केशरी रंग काढा. हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाका, पिवळ्याचं लाल होतं. आणि शेवटी विचारा: उरलेलं पाणी कुठं ओतायचं? विहिरीजवळ चालेल का? का नाही? रंग तयार करणाऱ्यानं रंगाच्या सांडपाण्याचीही काळजी घ्यायची असते, ही सवय इथं लागते.

गणपतीच्या मूर्तीबद्दल सगळेच बोलतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मूर्ती विसर्जनाचे निकष २०१० मध्ये काढले आणि २०२० मध्ये ते अधिक कडक केले. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, हे आता मुलांना पाठ आहे. शाळाशाळांतून शाडूच्या कार्यशाळा होतात, हे उत्तमच. पण शाडूची मातीही खाणीतून येते, पुष्कळशी गुजरातमधून ट्रकनं येते. पुण्यात 'पुनरावर्तन' मोहिमेत विसर्जनानंतरची शाडू गोळा करून पुन्हा वापरतात, ते त्याचसाठी. मग बागलीच्या मुलानं मूर्ती कशाची करावी? आपल्या गावच्या मातीची करून पाहावी. नुसत्या काळ्या मातीची मूर्ती वाळताना तडकते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. त्यात भुसा किंवा शेण किती मिसळायचं, पिवळी माती किती घालायची, हे गावच्या कुंभाराला माहीत आहे. त्याला शाळेत बोलवा, त्याला गुरू माना. सोंड तुटली तर तुटू द्या, पुन्हा करू द्या.

सर्वपित्रीनंतर महिन्याभरानं दिवाळी येते. इंदूर, देवास, धारच्या मराठी घरांतून मुलं किल्ला करतात. दगड, विटा, पोतं, त्यावर चिखल, वर पेरलेले अळीव आणि मोहरी. संजेचा किलाकोट आणि आपला किल्ला महिन्याच्या अंतरानं एकाच मुलाच्या हातून होऊ शकतात. माळव्यातल्या मराठी मुलाला हे दुहेरी वाण मिळालं आहे. तयार किल्ले विकत आणून आपण ते वाया घालवू नये.

याच ओघात 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' या उपक्रमाविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. घरात कचरा नसतो म्हणून दुकानातून नव्या स्ट्रॉ, नवे कागदी पेले, थर्माकोल आणि चमकी आणायची, त्याचं मोराचं चित्र करायचं आणि आठवड्यानं ते कचऱ्यात टाकायचं. यातून मूल काय शिकतं? चमकी म्हणजे प्लास्टिकचेच बारीक कण; युरोपीय संघानं २०२३ मध्ये सुट्या चमकीवर निर्बंध आणले. शाळेत एक नियम पुरेल: वस्तू करण्यासाठी नवं काही विकत आणायचं नाही, आणि केलेली वस्तू एक तर वापरात राहील किंवा मातीत जाईल. हा नियम पाळूनही किती करता येतं, ते अरविंद गुप्तांनी दाखवलं आहे. पुण्यातल्या कारखान्यातली नोकरी करत असताना १९७८ साली ते रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात आले आणि आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वट्यूब, जुन्या रिफिल यांतून त्यांनी खेळण्यांचं जग उभं केलं. बागली तालुक्यातच 'कुंबाया' या उपक्रमात गावच्या बायका कापडाच्या चिंध्या जोडून देखणे कपडे शिवतात. मुलांनी ते काम पाहून यावं आणि घरातल्या चिंध्यांची गोधडी करावी. गोधडी पांघरली जाते, मोर कचऱ्यात जातो. फरक मुलांना समजतो.

तिसरी गोष्ट गावाची. मुलाचं काम वहीत राहता कामा नये, ते गावासमोर आलं पाहिजे.

बागलीच्या भूगोलात एक विलक्षण गोष्ट आहे. काळीसिंध नदी बागली तालुक्यात उगम पावते, उत्तरेला सोनकच्छवरून वाहत जाते, चंबळेला मिळते. चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. त्याच तालुक्याच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस मात्र ओढ्यानाल्यांतून नर्मदेला जातो. म्हणजे एकाच डोंगराच्या माथ्यावर पडलेला एक थेंब बंगालच्या उपसागराकडे निघतो आणि त्याच्या शेजारचा अरबी समुद्राकडे. किती मुलांना हे माहीत आहे? शाळेच्या अंगणात, पावसाळ्याच्या सुरुवातीला, मुलांनी तालुक्याचा उठावाचा नकाशा मातीत करावा. विंध्याची धार उंच करायची, दोन्हीकडे उतार द्यायचा, आपलं गाव, आपला ओढा, आपली शेतं दाखवायची. मग झारीनं माथ्यावर पाणी सोडायचं. पाणी दोन्हीकडे वाटलं जाताना दिसतं. उतारावर काही लावलं नसेल तर माती वाहून खाली साचते. तिथं गवताच्या काड्या रोवल्या, खड्यांचे बांध घातले तर पाणी थांबतं आणि मुरतं. पाणलोट क्षेत्राचं सगळं शास्त्र अंगणात उभं राहतं.

आणि हे शास्त्र बागलीत प्रत्यक्ष राबवलेलं आहे. 'समाज प्रगती सहयोग' ही संस्था १९९० पासून या भागात आदिवासी गावांबरोबर पाणलोटाचं काम करते. नीमखेड्यातल्या तिच्या केंद्राला बाबा आमट्यांचं नाव आहे. मराठी माणसाला ही गोष्ट जवळची वाटेल. संस्थेच्या माध्यम विभागात इथलेच तरुण-तरुणी कॅमेरा घेऊन आपल्या गावांच्या प्रश्नांवर चित्रपट करतात आणि गावोगावी ते दाखवतात. कला आणि पाणी यांची गाठ बागलीत बांधलेलीच आहे. शाळेनं तिच्यात आपला धागा घालायचा आहे.

१९९० हे साल देवासकर आणखी एका कारणानं विसरणार नाहीत. त्या एप्रिलमध्ये इंदूरहून रेल्वेच्या टाक्यांतून देवासला प्यायचं पाणी आणावं लागलं. एकेकाळी तलावांचं असलेलं हे शहर. तलाव बुजले, त्यांवर बांधकामं झाली, कूपनलिका खोल गेल्या आणि एके दिवशी नळ कोरडे पडले. आज या सभागृहात त्या गाडीची आठवण असलेले अनेकजण आहेत. तुमच्या नातवंडांना ती गोष्ट सांगितली आहे का? मुलांनी आजी-आजोबांना विचारून आपल्या गल्लीचा जुना नकाशा काढावा: कुठं विहीर होती, कुठं तलाव होता, कुठं वड होता. शेजारी आजचा नकाशा. दोन्ही शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर गेरू-खडीनं रंगवावेत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील.

या नकाशांत दुःखही येईल. बागली तालुक्यात नर्मदाकाठी धाराजी आहे. ७ एप्रिल २००५ रोजी भूतडी अमावास्येच्या जत्रेत, वरच्या धरणातून सोडलेलं पाणी अचानक चढलं आणि साठाहून अधिक माणसं वाहून गेली. मुलांना अशा गोष्टींपासून दूर ठेवावं का? घरांतून त्या बोलल्या जातातच. नदी कशी वाहते, ती कोण अडवतो, पाणी सोडण्याआधी खालच्या गावांना कोण कळवतो, हे प्रश्न विचारणारी पिढी हवी असेल, तर नदीचं चित्र काढताना हेही त्यात येऊ द्यावं लागेल.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. बागलीच्या उदयनगर-पुंजापुरा पट्ट्यात कोरकू, बारेला, भिलाला समाजाची मुलं शिकतात. शाळेत 'आदिवासी चित्रकला' म्हणून वारली आकृत्यांची नक्कल करून घेणं सोपं असतं. पण वारली ही डहाणूकडची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगापुढं नेली. झाबुआ-अलिराजपूरचा पिठोरा हा तर नवसाचा विधी आहे, भिंतीची सजावट नव्हे. झाबुआच्या पिटोलची भुरीबाई भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होती. जगदीश स्वामिनाथन यांनी तिला कागद आणि रंग दिले आणि तिला जे माहीत होतं ते काढायला सांगितलं. तिनं आपलं गाव, झाडं, जनावरं काढली. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. स्वामिनाथनांनी तिला काय काढायचं ते शिकवलं नाही. शिक्षकानं कोरकू मुलाला त्याच्या घरची भिंत, घरचं धान्य, घरचा डोंगर काढू द्यावा आणि त्याचा अर्थ त्याच्या आजोबांनाच विचारावा.

आता शिक्षकांची अडचण. वेळ नाही, पैसा नाही, अभ्यासक्रम संपत नाही. अडचण खरी आहे, पण त्यावर काम झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात शिंपले, बिया, पानं, माती, काड्या हेच साहित्य होतं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणावर नेली. त्यांच्या कुरणशाळा प्रसिद्ध आहेत. वर्ध्याच्या सेवाग्रामात १९४४ पासून देवीप्रसाद यांनी नयी तालीमच्या मुलांना कला शिकवली आणि कला हा शिक्षणाचा पाया आहे, असा ग्रंथ अनुभवातून लिहिला. होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम १९७२ पासून तीस वर्षं सरकारी शाळांत चालला आणि त्यात मुलं परिभ्रमणाला शेतात, नाल्यावर जात. 'एकलव्य' ही संस्था आपल्या देवासातही काम करत आली. त्यांच्या 'चकमक' मासिकात १९८५ पासून मुलांची स्वतःची चित्रं छापून येतात. खर्चाचा प्रश्न या सगळ्यांनी सोडवलेला आहे. उरतो तो वेळेचा प्रश्न. आठवड्यातला एक तास, आणि तोही विज्ञान, भूगोल, भाषा यांच्या तासांतूनच काढलेला. कारण या तासाला तीनही विषय शिकून होतात.

म्हणून या सभागृहातल्या प्रत्येकाकडे एकेक मागणं आहे. शिक्षकांनो, येत्या वर्षी स्पर्धेचा विषय 'पृथ्वी वाचवा' ठेवू नका. 'माझ्या वाटेवरचं झाड' ठेवा आणि परीक्षकांत गावातला कुंभार किंवा शेतकरी घ्या. मुख्याध्यापकांनो, शाळेची एक भिंत मातीनं लिंपून द्या आणि ती दरवर्षी मुलांकडून लिंपून घ्या. पालकांनो, दिवाळीत तयार किल्ला आणू नका, कपडे मळले म्हणून रागावू नका. आज्यांनो, संजेचे आकार तुमच्या हातात आहेत. शाळेत जा आणि ते मुलामुलींना शिकवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या शाळेत जाताना एक झाड निवडा आणि त्याचं पहिलं चित्र याच आठवड्यात काढा.